चार श्वासांची जागा

इनेझ लुंडीनचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नसे. भाषण करणाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन काचा उभ्या असतात. समोर बसलेल्यांना त्या नुसत्या काचा दिसतात, पण बोलणाऱ्याला त्यांच्यावर अक्षरं खालून वर सरकताना दिसतात. ती अक्षरं सरकवणारी चकती इनेझच्या उजव्या हाताखाली असे. मंचाच्या कडेला पडद्याआड एक लहानसं टेबल, त्यावर संगणकाचा पडदा, कानाला यंत्र आणि हाताखाली चकती. सत्तावीस वर्षं तिनं हेच केलं होतं. महापौर, बिशप, गव्हर्नर, आणि आता तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार.

इतकी वर्षं असं बसल्यावर माणसाच्या झोपेचंही काहीतरी होतं. इनेझला स्वप्नात माणसं दिसत नसत, वाक्यं दिसत. पांढरी, शांत, खालून वर येणारी आणि वरच्या काठाशी विरून जाणारी. जागेपणीही कधीकधी समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता तिचा अंगठा आपोआप हलायचा, त्याला थोडं सावकाश करायला.

एप्रिल महिना होता. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला होता आणि त्याच्यावरून दिवसभर धुकं किनाऱ्यावर येत होतं. सिनेटर लायल हॅनफर्ड यांची प्रचाराची बस त्या धुक्यातून ग्रॅव्हल पॉइंट नावाच्या बंदरगावाकडे चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बर्चची झाडं अर्धी दिसायची आणि पुसली जायची. निम्मी बस पेंगत होती.

इनेझच्या शेजारी गिडियन प्रॅट मांडीवर कागद घेऊन बसला होता. सिनेटरांची भाषणं तो लिहायचा. चौतीस वर्षांचा, हडकुळा, बोटांना कायम शाई. आजचं भाषण त्याच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठं होतं. सिनेटर नेब्रास्काचे, मक्याच्या शेतांच्या राज्याचे. विरोधक महिनाभर म्हणत होते, की या माणसाला मक्याच्या भावापलीकडे काही कळत नाही. त्याला उत्तर म्हणून आज परराष्ट्र धोरणावर बोलायचं होतं. दूरच्या एका समुद्रधुनीत दोन शेजारी देश भांडत होते, व्यापारी जहाजं अडत होती, आणि तिथे अमेरिकेनं आपल्या लढाऊ जहाजांचा ताफा पाठवावा असं सिनेटरांचं म्हणणं होतं.

"ऐक," गिडियन म्हणाला. "पहिल्या पानावर समुद्रधुनी नकाशावर आहे. लांब. कुणाचं काही जात नाही. दुसऱ्या पानावर मी तिला उचलून यांच्या बंदरात आणतो. 'ती समुद्रधुनी तुमच्या धक्क्यापासून समोरच्या दीपगृहाइतकीच रुंद आहे.' झाली त्यांची."

"आहे का तेवढीच?"

"सगळ्यांत अरुंद जागी. जवळजवळ."

"बरं."

"तिसऱ्या पानापासून 'मी' बंद. सगळं 'आपण'. आपण पाहिलं, आपण सोसलं, आपण मागं हटलो नाही. तीनदा ऐकलं की चौथ्यांदा माणूस मनातल्या मनात स्वतःच म्हणतो."

"आणि ते 'काही लोक म्हणतात'?"

"चौथ्या पानावर. काही लोक म्हणतात, जगाशी आपल्याला काय करायचंय."

"सत्तावीस वर्षांत हे काही लोक मला एकदाही भेटले नाहीत बघ."

गिडियन हसला. "भेटणारही नाहीत. ते फक्त हरायला जन्माला येतात." त्यानं पान उलटलं. "पाचव्यावर भीती, सहाव्यावर हात. माणसाला आधी काठाशी न्यायचं, खालचं खोल दाखवायचं, मग हात पुढं करायचा. तो धरतोच."

"काठाशी आणलं कुणी, ते नाही विचारत कुणी?"

"विचारायला वेळ द्यायचा नाही. ते तुझ्याकडे."

हे खरं होतं. गिडियन शब्द लिहायचा, पण त्यांच्यामधली जागा इनेझची होती. तिनं प्रत्येक उमेदवाराचा श्वास मोजलेला असे. हॅनफर्ड यांना टाळीनंतर दोन श्वास लागत, प्रश्नानंतर एक, आणि एखाद्या माणसाचं नाव घेतल्यावर चार. नावानंतर चार श्वास थांबलं, की सभागृहातल्या प्रत्येकाला आपलं कुणीतरी आठवतं. ही गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. पडद्याआड बसून लोकांचे चेहरे बघता बघता ती आपोआप समजली होती.

"आज नाव कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

"आर्वो केस्किनेन. याच गावचा. नौदलात होता, तेवीस वर्षांचा, त्याच समुद्रधुनीत गेला. सहा वर्षं झाली. त्याची आई तिसऱ्या रांगेत बसेल. भीती आणि हात यांच्या मधोमध." गिडियननं कागद तिच्याकडे दिला. "आपल्या ऑफिसातली मुलगी बोललीय आईशी फोनवर. तिला अभिमान आहे म्हणाली."

इनेझनं पेन्सिलीनं नावाच्या पुढे लिहिलं: थांबा, चार श्वास. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. धुक्यात एक लाल धान्यकोठार तरंगत आलं आणि गेलं.

सभा गावातल्या फिन लोकांच्या, म्हणजे फिनलंडहून येऊन वसलेल्यांच्या, जुन्या सभागृहात होती. चार वाजताची. इनेझ दुपारी एकलाच जाऊन काचा उभ्या करत होती. लाकडी जमीन, उंच खिडक्या, खिडक्यांना टेकलेलं पांढरं धुकं. आत दिवे लावूनही सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. दूर बंदरात भोंगा वाजत होता, दर मिनिटाला एकदा, आणि प्रत्येक वेळी खिडकीची तावदानं किंचित थरथरत होती.

तीनच्या सुमारास तपकिरी कोट घातलेली एक म्हातारी आत आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. कुणी हटकलं नाही, तशी ती सरळ मंचाशी आली.

"मी आल्मा केस्किनेन," ती म्हणाली. "मला चारला बोलावलंय. पण घरी बसवेना. पाव आणलाय. कुणी जेवलंय का नाही तुमच्यातलं?"

"नाही," इनेझ म्हणाली. आणि ते खरं होतं.

आल्मानं पडद्याआडच्या टेबलावरच फडकं सोडलं. वेणी घातलेला पिवळसर पाव होता, वेलदोड्याचा वास सुटलेला. तिनं बोटांनीच तुकडे केले. दोघी उभ्या उभ्या खाऊ लागल्या. आल्मानं तीस वर्षं गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं, त्यामुळे समोरचा खातोय की नाही याकडे तिचं बारीक लक्ष होतं.

"हे काय यंत्र आहे तुमचं?"

इनेझनं सांगितलं.

"म्हणजे ते काय बोलणार ते आत्ता यात आहे?"

"आहे."

"माझ्या पोराचंही?"

भाषण आधी कुणाला दाखवायचं नाही, हा इनेझचा नियम होता. सत्तावीस वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. पण तोंडात त्या बाईचा पाव होता आणि भोंगा वाजत होता. तिनं चकती फिरवली. पानं सरकली आणि आर्वोचं नाव पडद्यावर येऊन थांबलं.

आल्मा वाकून वाचू लागली. तिचे ओठ हलत होते. इनेझ तिच्या ओठांच्या चालीनं ओळी वर नेत होती. 'आर्वो केस्किनेन तिथे उभा होता, आपल्या आणि आपला द्वेष करणाऱ्यांच्या मध्ये. तो परत आला नाही. त्याची आई आज इथे आहे, आणि ती आपल्याला सांगते आहे: मागे हटू नका.'

आल्मानं शेवटची ओळ दोनदा वाचली. मग ती सरळ उभी राहिली आणि कोटावरचे पावाचे कण झटकले.

"असं मी म्हणाले नाही."

"फोनवर..."

"फोनवर ती मुलगी म्हणाली, तुम्हाला मुलाचा अभिमान असेल. मी म्हटलं, आहे. कशाचा, ते तिनं विचारलं नाही." तिनं फडक्याची घडी सारखी केली. "उभा-बिभा नव्हता हो तो कुणाच्या मध्ये. रविवार होता. सुट्टीवर किनाऱ्यावर गेला होता, परत येताना त्यांची छोटी लाँच उलटली. वारा नाही, लाट नाही. अशीच उलटली. बाकीचे पोहत आले, हा नाही आला. एवढ्या मोठ्या सरोवराकाठी वाढलेलं पोर."

इनेझनं चकतीवरून हात काढून घेतला.

"तिथल्या कोळ्यांनी शोधला त्याला. दोन दिवस. जहाजावरच्या साहेबानं स्वतः येऊन सांगितलं मला, इथं, माझ्या घरी. साठ होड्या होत्या म्हणाला. आमच्या लोकांनी शोध थांबवला तरी ते थांबले नाहीत. त्यांनी काढला त्याला बाहेर, धुतला, स्वच्छ कापडात गुंडाळला आणि जहाजापर्यंत आणून दिला. एक पैसा घेतला नाही." तिनं पडद्याकडे बोट केलं. "ते हे द्वेष करणारे."

बाहेर भोंगा वाजला. आल्मानं उरलेला पाव पुन्हा फडक्यात बांधला आणि टेबलावर ठेवला. "तुमच्या माणसांसाठी," असं म्हणून ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. रिकाम्या सभागृहात एकटी, हात मांडीवर.

इनेझनं गिडियनला मागच्या खोलीत गाठलं. तो पत्रकारांना द्यायच्या प्रती मोजत होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत असताना त्याचा हात मोजायचा थांबला, पण प्रती हातातून सुटल्या नाहीत.

"चाळीस मिनिटं राहिलीत, इनेझ."

"मला घड्याळ कळतं."

"यात खोटं काय आहे? तो तिथे होता. तो गेला. आई इथे आहे."

"जी माणसं त्याच्यासाठी दोन दिवस पाण्यात होती, त्यांच्या माथी तू त्याचं मरण मारतोयस."

गिडियन खुर्चीवर बसला. तो वाईट माणूस नव्हता. तिला तो आवडायचा. "सगळं भाषण त्या एका माणसावर उभं आहे," तो हळू म्हणाला. "तो काढला तर उरतो नकाशा. नकाशासाठी कुणी मत देत नाही. आणि प्रती छापून झाल्या."

"मग?"

"मग तू तुझं काम कर, मी माझं केलंय." आणि दारातून बाहेर पडताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी."

सभेच्या आधी सिनेटर नेहमी एकटे येऊन काचांची उंची बघत. साठीचे, उंच, खांदे किंचित वाकलेले. काचेसमोर उभे राहून ते दरवेळी तोच प्रश्न विचारत.

"पाणी कसं आहे आज, इनेझबाई?"

पाणी म्हणजे ओळींची चाल. ती दरवेळी म्हणायची, "संथ आहे, साहेब." आज ती म्हणाली, "साहेब, तिसऱ्या रांगेत तपकिरी कोटातली बाई आहे. आर्वोची आई. तिच्या मुलाला तिथल्याच कोळ्यांनी पाण्यातून काढलं. दोन दिवस शोधून. तुम्ही जे वाचणार आहात ते तिनं म्हटलेलं नाही."

सिनेटरांनी चष्मा काढला. काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा मदतनीस आला, खांद्याला हात लावून काहीतरी पुटपुटला आणि ते त्याच्याबरोबर गेले. त्यांनी ऐकलं की नुसतं कानावर पडलं, हे इनेझला कळलं नाही.

चारला सभागृह भरलं. गोदीतले कामगार, शिक्षक, दुकानदार, म्हातारी जोडपी, ओले कोट आणि लोकरीच्या टोप्या. सिनेटर बोलू लागले. पहिलं पान, नकाशा. दुसऱ्या पानावर समुद्रधुनी बंदरात आली. लोकांच्या माना नकळत खिडक्यांकडे वळल्या, जिकडे दीपगृह होतं आणि धुक्यामुळे दिसत नव्हतं. तिसऱ्या पानावर 'आपण' सुरू झालं. इनेझनं चकती अलगद धरली होती. तिला समोरचे चेहरे सैलावताना दिसत होते, खांदे एकमेकांकडे झुकताना. चौथ्या पानावर ते काही लोक आले आणि हरले. लोक हसले. पाचव्यावर सिनेटरांचा आवाज खाली आला, सगळं सभागृह श्वास धरून काठाशी गेलं. असं झालं की इनेझला नेहमी वाटायचं, आपण सगळेच झोपेत चालतोय आणि दोर आपल्या अंगठ्याला बांधलाय.

मग नाव आलं.

"आर्वो केस्किनेन," सिनेटर म्हणाले.

इनेझ थांबली. एक. दोन. तीन. चार. तिनं पुढची ओळ वर आणली. 'तिथे उभा होता, आपल्या आणि आपला द्वेष करणाऱ्यांच्या मध्ये.' ओळ काचेवर उभी राहिली. सिनेटर तिच्याकडे बघत होते. पाच. सहा. सात. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आठव्या श्वासाला गिडियन भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आला. इनेझचा अंगठा हलला नाही.

"माझ्यासमोर एक वाक्य लिहिलेलं आहे," सिनेटर म्हणाले. आवाज वेगळा होता, जाडाभरडा, सकाळी चहाच्या आधी माणसाचा असतो तसा. "चांगलं वाक्य आहे. ते मला वाचता येत नाही." त्यांनी काचेवरची नजर काढली आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "मिसेस केस्किनेन, मला आत्ता, काही मिनिटांपूर्वी काहीतरी सांगितलं गेलं. ते खरं आहे का?"

आल्मा उठली नाही. बसल्या बसल्या, शाळेतल्या मुलांना सांगावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "त्यांनी त्याला बाहेर काढलं. तिथल्या कोळ्यांनी."

"त्यांनी त्याला बाहेर काढलं," सिनेटरांनी मागच्या रांगांसाठी पुन्हा सांगितलं. "तिथल्या कोळ्यांनी."

भोंगा वाजला आणि तावदानं थरथरली.

"मी अजूनही जहाजं पाठवावीत असंच म्हणतो," सिनेटर सावकाश बोलू लागले, एकेक शब्द शोधत. "पण ती कुणाच्या दारात चाललीत ते माहीत असून पाठवावीत. आपल्या पोरासाठी दोन दिवस होड्या घालणाऱ्यांच्या दारात. ते लक्षात ठेवून पाठवायची असतील तर कदाचित... कदाचित कमी पाठवावी लागतील." आणि ते थांबले. पुढचं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांचे डोळे पुन्हा काचेकडे गेले, अंधारात जिना उतरणारा माणूस पायानं पायरी चाचपतो तसे.

काचेवर अजून तीच ओळ होती. त्याखाली उरलेलं पान द्वेषाचं, मग सहाव्यावरचा हात.

इनेझनं चकती फिरवली. सगळं पान पांढऱ्या रेघेसारखं वर निघून गेलं, हातही गेला, आणि शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली: 'उद्या सकाळी या बंदरातून धान्य घेऊन जहाज निघेल.' सत्तावीस वर्षांत तिनं कुणाचा एक शब्द गाळला नव्हता. आता दोन पानं गाळली.

सिनेटरांना ओळ सापडली. त्यांनी ती वाचली, त्याच जाड्याभरड्या आवाजात, शेवटपर्यंत. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा हळूहळू आल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच होतं. लिहिलेलं वाक्य न वाचणारा उमेदवार. बसमध्ये लोक मोठ्यानं बोलत होते, कुणी पेंगत नव्हतं. गिडियन इनेझच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं पुढच्या गावाचं भाषण तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं पानं चाळली. पाचव्यावर ती थांबली. तिथे लिहिलं होतं: 'आर्वो केस्किनेन. (थांबा, आठ श्वास. काचेवरून नजर काढा.) माझ्यासमोर एक वाक्य लिहिलेलं आहे. चांगलं वाक्य आहे. ते मला वाचता येत नाही.' आणि खाली, कंसात: 'तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवावी.'

"अरे," इनेझ म्हणाली. "समोर ते वाक्यच नाहीये."

"नको असायला."

"मग तो काय वाचणार नाही?"

गिडियननं खिडकीकडे तोंड केलं. "मी रात्रभर... म्हणजे, मी प्रयत्न केला दुसरं काही लिहायचा. इनेझ, मी सहा वर्षं हे काम करतोय. कालच्याइतकं खरं मी कधी ऐकलं नाही. ते एकदाच वापरून टाकून द्यायचं?"

तिनं पानं जुळवून पिशवीत ठेवली.

त्या संध्याकाळी पुढच्या गावात तिनं आठ श्वास मोजले. सिनेटरांनी नजर काढली. आवाज जाडाभरडा झाला. रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं आणि पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसू लागली. "कदाचित... कदाचित कमी पाठवावी लागतील," ते म्हणाले, मधल्या अडखळण्यासकट. ते अडखळणंही गिडियननं तीन टिंबांनी लिहून ठेवलं होतं. इनेझ ती टिंबं काचेवरून वर जाताना पाहत राहिली.

चौथ्या गावानंतर, बस रेल्वेचं फाटक उघडायची वाट बघत असताना, सिनेटर स्वतःच तिच्या बाकाशी आले.

"तुम्ही माझ्याशी बोलत नाही आजकाल."

"मी कधी बोलते, साहेब?"

"पाणी संथ आहे, एवढं तरी म्हणायचात."

ती थोडी हसली. मग विचारलंच. "पहिल्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, तुम्ही काय म्हणणार ते?"

"नाही."

"आणि आता?"

मालगाडी जाऊ लागली. डब्यामागून डबा. सिनेटर ते सगळे डबे जाईपर्यंत उभे होते. "आता माहीत असतं," ते म्हणाले. "पण खरं तेव्हाही होतं आणि आताही आहे. मी स्वतःला रोज हेच सांगतो. कधी पटतं, कधी नाही." ते जायला वळले आणि पुन्हा थांबले. "एक सांगू? त्या दिवसानंतर मी खरंच कमी जहाजांचं बोलायला लागलोय. माझे लोक कुरकुरतात. भाषणानं ऐकणाऱ्यांचं मन वळवायचं असतं म्हणतात. माझं वळलं."

हे खरं की हाही एक प्रकार, ते इनेझ ठरवू शकली नाही. लोकांचे चेहरे ती वाचायची, पण याच माणसाची तिला कायम पाठ किंवा एक बाजू दिसत आली होती.

ती काम सोडून गेली नाही. अकरा गावांत तिनं आठ श्वास मोजले. बाराव्या गावाआधी, जूनमध्ये, सिनेटरांनी माघार घेतली. पक्षाची उमेदवारी मिळवायला मतं पुरली नाहीत. गिडियन एका महाविद्यालयात शिकवायला गेला. पेटीत काचा भरून इनेझ घरी आली आणि आठवडाभर झोपली. स्वप्नात काही आलं नाही, नुसतं पांढरं.

ऑगस्टमध्ये तिनं आल्माला पत्र टाकलं. उत्तर एका ओळीचं आलं: कधीही ये, खोली रिकामी आहे.

ग्रॅव्हल पॉइंट उन्हात अगदी निराळंच दिसत होतं, जणू एप्रिलमध्ये ती दुसऱ्याच कुठल्या गावाला गेली होती. दीपगृह दिसत होतं, आणि ते धक्क्यापासून चांगलंच लांब होतं. आल्मानं सरोवराकाठी वाफेच्या अंघोळीचं लाकडी न्हाणीघर तापवून ठेवलं होतं. दोघी तासभर त्या वाफेत बसल्या, बर्चच्या पानांचा वास घेत, फारसं न बोलता. मग बाहेर येऊन थंड पाण्यात कमरेपर्यंत उतरल्या. पाणी इतकं स्थिर होतं की त्यांच्या हालचालीची वलयं बराच वेळ पसरत राहिली.

"तो सिनेटर," आल्मा म्हणाली, "इथून गेल्यावर पुन्हा कुठं बोलला का माझ्या पोराविषयी?"

या प्रश्नाची इनेझला दोन महिने भीती वाटत होती. "बोलला," ती म्हणाली. "दरवेळी. तेच शब्द, तसंच थांबणं. लिहून दिलेलं असायचं. मीच चालवायचे. मला तुला हे सांगायचं होतं, म्हणून आले."

आल्मानं ओंजळीत पाणी घेतलं आणि खांद्यावर सोडलं. रागावलीय की नाही ते कळत नव्हतं.

"कोळ्यांचं सांगायचा?"

"सांगायचा. रोज."

"नाव घेऊन? आर्वो केस्किनेन, असं पूर्ण?"

"पूर्ण."

"किती गावं?"

"अकरा."

आल्मानं समोर पाहिलं. पाण्यावर ऊन इतकं होतं की क्षितिज कुठं संपतं ते दिसत नव्हतं. "सहा वर्षांत या गावाबाहेर कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "मनापासून घेतलं की नाही, ते त्याचं तो बघून घेईल. कोणकोणती गावं, सांग बघू मला."

इनेझ सांगू लागली. एकेक नाव, सावकाश. आल्मा प्रत्येक नाव तिच्यामागून हळूच म्हणत होती, चुकत असेल तिथे विचारून दुरुस्त करत होती. सात झाली. आठवं गाव इनेझला काही केल्या आठवेना. नदी आठवत होती, शाळेची व्यायामशाळा आठवत होती, भिंतीवरचं हिरवं घड्याळ आठवत होतं, नाव मात्र नाही.

"घाई नाही," आल्मा म्हणाली.

दोघी पाण्यात उभ्या राहिल्या.